विहिरीत लागलेला काळा थर: पूर्णगडच्या खाडीकाठच्या एका वाडीचं प्रकरण

मार्चचा शेवटचा आठवडा. हापूसची काढणी सुरू झालेली, त्यामुळे सकाळी दहानंतर वाडीत माणूस सापडणं मुश्कील. अशा वेळी आबांचा नातू मोटारसायकल दामटत आला आणि अंगणातूनच ओरडला, "काका, चला लवकर! आमच्या विहिरीत कोळसा गावला."

रत्नागिरीहून पावसला आलं की पुढे सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, पूर्णगडच्या खाडीकडे उतरत जातो. त्या उतारावर आमची वाडी. आबांची जुनी विहीर एप्रिलच्या मध्यालाच तळ दाखवते, म्हणून त्यांनी कलमांच्या खालच्या अंगाला नवी विहीर धरली होती. मी तीस वर्षं विदर्भातल्या कोळसा खाणींवर भूवैज्ञानिक म्हणून काढली आणि निवृत्तीनंतर गावी आलो. त्यामुळे असली बातमी पहिल्यांदा माझ्याच दारात येणार. पुढचे अडीच महिने या एका थराच्या मोजमापात गेले. काय पाहिलं, कशावरून काय ठरवलं आणि मी कुठे चुकलो, ते इथे नोंदवून ठेवतो.

विहिरीवर पोचलो तेव्हा गडी वर येऊन बसले होते. दोघांचं डोकं जड झालं होतं. पहिलं काम मी ते केलं: कुणी खाली उतरायचं नाही म्हणून सांगितलं आणि वरून पंखा लावून हवा सोडायला लावली. असा थर उघडा पडला की तो हवेतला प्राणवायू ओढून घेतो. खोल, अरुंद विहिरीत हे जिवावर बेतू शकतं. खाणीत हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, विहीर खोदणाऱ्या टोळीला कुणी सांगत नाही.

मग घमेल्यातलं ढेकूळ हातात घेतलं. ओलं, थंड, दिसायला काळं. पण नखाने ओरखडा काढला तर रेघ तपकिरी उमटली. सुरीने कापलं तर कापलं गेलं आणि आत लाकडाच्या शिरा दिसल्या, फणसाच्या फळीला असतात तशा सरळ. एका जागी मधाच्या रंगाचा बाजरीएवढा थेंब होता, झाडाची राळ. चुलीत तुकडा टाकल्यावर आधी नुसताच धुमसला, मग जळाला. वास ओल्या सरपणाचा आणि त्यात थोडा गंधकाचा. संध्याकाळी काकींच्या जुन्या पातेल्यात कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात चिमूटभर भुकटी उकळली, पाणी काळ्या चहासारखं झालं. पक्का दगडी कोळसा असं पाणी रंगवत नाही. हा लिग्नाइट होता. झाड कोळसा व्हायला निघालं आणि अर्ध्या वाटेवर थांबलं, ते हे रूप.

दुसऱ्या दिवशी हवा चांगली झाल्यावर दोर कमरेला बांधून मी स्वतः उतरलो. वरून ३४ फूट जांभा. त्याखाली १२ फूट गुलाबी-पांढरी मऊ माती. मग निळसर करडी चिकणमाती, आणि तीन फूट निळ्या मातीनंतर, म्हणजे ४९ फुटांवर, काळा थर. खाडीच्या बाजूच्या भिंतीत त्याची जाडी १४ इंच भरली. वर आलो आणि जमलेल्या लोकांना सांगून टाकलं, "सव्वा फुटाच्या आसपास आहे."

ही माझी चूक. समोरची भिंत मी मोजलीच नव्हती. ती तिसऱ्या दिवशी मोजली, तिथे जाडी पाच इंच निघाली. विहिरीचा व्यास बारा फूट. बारा फुटांत १४ चे ५ इंच होतात, ही त्या विहिरीने दिलेली सर्वांत मोलाची माहिती होती आणि ती हाती येण्याआधीच माझा "सव्वा फूट" गावभर झाला होता. फोनवरून व्हिडिओ फिरले. एका व्हिडिओत सव्वा फुटाचे सव्वाशे फूट झाले होते. चार दिवसांत एक जमिनीचा दलाल आला आणि खालच्या अंगाच्या तीन घरांशी साठेकराराची बोलणी करून गेला. त्याच आठवड्यात वाडीतल्या बायका आबांच्या अंगणात जमल्या, कारण त्यांच्या कानावर आलं होतं की सरकार खाण काढणार आणि वाडी उठवणार. एकाच थराने एका घरात आशा आणि शेजारच्या घरात धसका बसवला होता. दोन्ही माझ्या अर्धवट मोजमापावर उभे होते, म्हणून हे प्रकरण शेवटाला न्यायचं मी मनावर घेतलं.

जुनी नोंद

आधी दप्तर पाहावं, मग शेत, असा माझा शिरस्ता. आमच्या भागात हा थर नवा नाही. १८७१ साली सी. जे. विल्किन्सन यांनी दक्षिण कोकणाच्या भूरचनेवर टिपण लिहिलं, त्यात रत्नागिरीजवळ जांभ्याच्या खाली निळ्या मातीत लिग्नाइटचा पातळ थर असल्याची नोंद आहे. भूविज्ञानात या मातीच्या थरांना 'रत्नागिरी बेड्स' म्हणतात. सिंधुदुर्गातही ते सापडतात, आणि त्यातल्या परागकणांच्या अभ्यासातून उष्ण, दमट हवेतल्या झाडोऱ्याचा पुरावा मिळाला आहे. केरळात वर्कलाजवळच्या कड्यांत जांभ्याखाली असेच लिग्नाइटचे थर आहेत. म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ हा थर माहीत आहे आणि कोकणात त्याची एकही खाण झालेली नाही. ही गोष्ट स्वतः पुरावा नव्हे. न पाहिल्यामुळे राहून गेलेल्या खाणीही मी पाहिल्या आहेत. पण एवढ्यावरून मोजणीला दिशा मिळते: थर आहे का हा प्रश्न उरत नाही, जाडी आणि पसारा किती हा उरतो.

चंद्रपूरचा कोळसा आमच्याखाली का नाही

लोकांच्या मनात कोळसा म्हणजे चंद्रपूर. महाराष्ट्राचा सगळा दगडी कोळसा विदर्भात आहे: वर्धा खोरं, कामठी, उमरेड, बांदेर. सगळा मिळून तेराशे कोटी टनांच्या आसपास मोजला गेला आहे. तो गोंडवना काळातला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. दख्खनचा काळा पाषाण, ज्याला आम्ही ट्रॅप म्हणतो, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे कोळसा आधी, लाव्हा मागाहून. नागपूरकडे काही ठिकाणी ट्रॅपला भोक पाडून खाली कोळसा लागतोही. त्यामुळे ग्रामपंचायतीतल्या एका सदस्याने विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता: "काका, मग आपल्या पाषाणाखाली का नसेल?"

याचं उत्तर सह्याद्रीच्या पलीकडे कोयनेला मिळतं. तिथल्या भूकंपांचा अभ्यास करायला शास्त्रज्ञांनी खोल बोअर घेतली. पहिल्या बोअरमध्ये सुमारे ९३३ मीटर बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, लागला आणि तो संपल्याबरोबर ग्रॅनाइट-नाइस जातीचा मूळ खडक सुरू झाला. मध्ये गाळाच्या खडकांचा थरच नाही. कोळसा गाळाच्या खडकांत राहतो, गाळच नाही तर कोळसा कुठून येणार? आणि खाली मालवण-सावंतवाडीकडे गेलं तर ट्रॅप संपतो, त्याखालचे फार जुने खडक उघडेच दिसतात. तिथेही गोंडवना नाही. गोंडवनाचा गाळ दामोदर, महानदी, वर्धा, गोदावरी अशा ठरावीक खचलेल्या खोऱ्यांत साठला. त्या वाटेत कोकण येत नाही. त्या दिवशी पंचायतीच्या भिंतीवर मी खडूने कोयनेचा छेद काढला, तो अजून पुसलेला नाही.

म्हणजे आबांच्या विहिरीतला थर या घराण्यातला नव्हे. तो ट्रॅपच्या वरचा, पाषाण झिजून त्यावर खड्डे, ओहोळ, पाणथळी तयार झाल्यानंतरचा. चंद्रपूरच्या मानाने कालचा.

अकरा विहिरी आणि एक नळी

कोळशाच्या साठ्याचा अंदाज बांधायची आपल्याकडे रीत ठरलेली आहे. १९५७ पासूनची भारतीय मानक पद्धत सांगते की बोअरपासून दोनशे मीटरच्या आतला कोळसा तेवढा 'सिद्ध' धरायचा. बोअर एक-दोन किलोमीटर अंतरावर असतील तर तो 'निर्देशित', आणि त्याहून विरळ असतील तर 'अनुमानित'. पुढे त्यावर संयुक्त राष्ट्रसंघाची वर्गवारी आली. तिच्यात जमिनीत किती आहे एवढंच पाहत नाहीत, ते काढता येतं का आणि काढणं परवडतं का हेही पाहतात.

वर्तमानपत्रात मात्र या सगळ्याला एकच शब्द: 'साठा सापडला'. मला हा शब्द इथे फार खटकतो. साठा म्हणजे कणगीत भरलेलं भात. शेतात उभं असलेलं भात साठा नव्हे, त्यावर अजून पाऊस, करपा, रानडुक्कर सगळं यायचं आहे. पेरलेलं उगवेल की नाही इथून सुरुवात असेल तर ते साठ्यापासून आणखी दूर. आबांच्या विहिरीतलं काळं ढेकूळ होतं ते रानात आपोआप उगवलेलं एक रोप. त्यावरून कणगी भरत नाही.

बोअर घ्यायला आमच्याकडे पैसा नव्हता आणि अधिकारही नव्हता. कोळसा आणि लिग्नाइट ही केंद्राच्या अखत्यारीतली खनिजं. जमीन स्वतःची असली तरी उकरून विकता येत नाहीत. साठेकरार करायला निघालेल्या घरांना मी पहिलं हेच सांगितलं. पण वाडीत आणि खालच्या मळ्यात मिळून अकरा विहिरी होत्या, दोन बोअरवेल होत्या, आणि विहीर खोदताना काय लागलं हे सांगणारी म्हातारी माणसं होती. खाणीच्या भाषेत ही तेरा निरीक्षणस्थळं. काही तर एकमेकांपासून शंभर मीटरच्या आत. चंद्रपूरला आम्हाला इतकी दाट माहिती मिळवायला कोट्यवधी रुपये लागले असते.

गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी मागून घेतली. पाणी भरायचं, एक टोक आबांच्या कठड्याशी धरायचं, दुसरं पुढच्या विहिरीशी, आणि उंचीतला फरक वहीत लिहायचा. नातू आणि त्याचे दोन मित्र सुट्टीतले पंधरा दिवस हेच करत होते. मग प्रत्येक विहिरीत जांभा कुठे संपतो, निळी माती कुठे लागते, पाषाण किती खोल, हे त्या एका पातळीवर आणून कागदावर मांडलं.

चित्र हळूहळू उमटलं. पूर्वेच्या तीन विहिरींत निळी मातीच नव्हती, जांभ्याखाली सरळ पाषाण. चार विहिरींत निळी माती होती पण काळं काही नाही. आबांची धरून चार ठिकाणी काळा थर. दोन्ही बोअरवेलच्या मालकांना फक्त "पाणी दोन दिवस गढूळ काळं येत होतं" एवढं आठवत होतं. काळं लागलेल्या चारही विहिरी एका रेषेत होत्या आणि त्या रेषेखाली पाषाणाची पातळी दोन्ही बाजूंपेक्षा खोल होती. आजचा पऱ्या, म्हणजे ओढा, जिथून खाडीला जातो, जवळजवळ त्याच दिशेने. एक जुना ओहोळ जमिनीखाली दिसत होता. त्याच्या खळग्यात पाणी तुंबलं, झाडं पडली, कुजता कुजता मातीखाली गाडली गेली. काळा थर त्या खळग्यापुरता.

खाडीच्या बाजूनेही पडताळा घेतला. भर ओहोटीला तिवरांमधून चिखल तुडवत आम्ही दरडीच्या पायथ्याने चाललो. तिथे निळी माती उघडी पडली आहे. तिच्यात काळी पट्टी दिसली, सुरुवातीला वीतभर. वीस पावलांवर चार बोटं. साठाव्या पावलावर नुसता काजळाचा डाग, आणि पुढे काही नाही. तिवरांच्या मुळाशी हात घातला तर कुजलेली पानं, काटक्या आणि काळा गाळ हाताला लागला. नातवाने तो गाळ आणि दरडीतलं ढेकूळ शेजारी शेजारी धरलं आणि म्हणाला, "काका, हा त्याचाच धाकटा भाऊ." तीस वर्षांत मला कुणा प्रशिक्षणार्थीने इतक्या नेमक्या शब्दांत लिग्नाइट सांगितला नव्हता.

हिशेब

ग्रामसभेत मी हिशेब फळ्यावर मांडला, कुणालाही दुरुस्त करता यावा म्हणून मुद्दाम मोठ्या अक्षरात. जिथे शंका तिथे आकडा वाढवूनच धरला.

पट्टीची लांबी २०० मीटर, रुंदी ८० मीटर. जाडी सरासरी आठ इंच, म्हणजे ०.२ मीटर. गुणाकार ३२०० घनमीटर. लिग्नाइटची घनता १.२ धरली तर ३८४० टन. डोक्यावर १५ मीटर जांभा आणि माती, म्हणजे २ लाख ४० हजार घनमीटर भराव आधी उपसायचा. एका टनासाठी ६२ घनमीटरहून जास्त. तमिळनाडूत नेवेलीच्या मोठ्या लिग्नाइट खाणींत हेच प्रमाण सहा-सातच्या आसपास असतं.

आता माल कसा? एका प्रयोगशाळेत नमुने दिले होते. भट्टीत १०५ अंशांवर वाळवल्यावर वजन ४३ टक्के घटलं. वाळलेला माल जाळून राख पाहिली, ती ३१ टक्के निघाली, कारण निळी माती त्यात पानापानांतून शिरलेली. अशा मालाला किलोमागे २००० किलोकॅलरी धरणं ही मेहेरबानीच. एक युनिट वीज करायला ढोबळमानाने २४०० किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे आपला माल एका युनिटला १.२ किलो. आमच्या जिल्ह्यात जयगडला १२०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, ते परदेशातून बोटीने आलेल्या कोळशावर चालतं. तेवढ्या वीजकेंद्राला तासाला बारा लाख युनिटं करायची तर आपला माल तासाला १४४० टन लागेल.

३८४० भागिले १४४०. भागाकार शाळेतल्या एका मुलीने केला. दोन तास चाळीस मिनिटं.

सभा शांत झाली. मग मागून एक तरुण उभा राहिला, मुंबईहून सुट्टीला आलेला. "काका, नेवेलीलाही विहिरीतच सापडलं होतं. तेव्हाही कुणीतरी असाच भागाकार केला असता तर?"

प्रश्न चांगला होता आणि त्याला टाळून चालणार नव्हतं. तमिळनाडूत नेवेलीला १९३० च्या दशकात जंबुलिंग मुदलियार यांच्या शेतात पाण्यासाठी खणताना काळा पदार्थ वर आला, हे खरंच आहे. पण पुढे काय झालं तेही पाहायला हवं. १९४३ ते १९४६ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथे बोअर घेतल्या. एका बोअरमध्ये लागलेली सीम, म्हणजे लिग्नाइटचा थर, दुसऱ्यात लागली, तिसऱ्यात लागली, शेकडो चौरस किलोमीटर लागत राहिली, आणि जाडी दहा मीटरच्या वर. १९५६ साली त्यासाठी सरकारी कंपनी निघाली. विहीर दोन्हीकडे आहे. फरक दुसऱ्या विहिरीत आहे. आपल्या इथे तीनशे मीटरच्या आत अकरापैकी सात विहिरींत थर नाही, दरडीत तो साठ पावलांत संपतो, आणि एकाच विहिरीच्या दोन भिंतींत १४ चे ५ इंच होतात. नेवेलीच्या समुद्रकाठच्या सपाट मैदानात गाळ साठायला अफाट जागा होती. कोकणात सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये पाषाणावरचे छोटे छोटे खळगे. असे खळगे रत्नागिरीपासून सिंधुदुर्गापर्यंत आणखीही असतील, एखादा आपल्याहून मोठाही. पण एकमेकांना न जोडलेल्या शंभर डबक्यांचं धरण होत नाही. केरळचा लिग्नाइट देशाच्या यादीत आहे तो सगळा मिळून एक कोटी टनांच्या आत, आणि त्या यादीत तमिळनाडूचा आकडा हजारो कोटी टनांत आहे. महाराष्ट्राचं नाव त्या यादीत नाही.

तरुणाने खाली बसता बसता विचारलं, "पण समजा मोठा खळगा मिळाला तर?" मला हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटला. उरलेली सभा त्याच्यावर झाली.

पाणी

सड्यावर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जांभा चाळणीसारखा, सगळं पाणी पितो. ते झिरपत झिरपत गुलाबी मातीपर्यंत येतं आणि निळ्या मातीवर थांबतं. खाली जाता येत नाही म्हणून आडवं चालू लागतं आणि सड्याच्या कडेला, जिथे ही माती उघडी पडते, तिथे झऱ्यांनी बाहेर येतं. आमच्या वाडीतले दोन्ही झरे, देवळामागचा आणि पाणंदीतला, नळीने मोजले तेव्हा निळ्या मातीच्या माथ्याशी अगदी जुळले. एक फुटाचाही फरक नाही. आजोळच्या माणसांनी वाडी इथेच का वसवली, हे मला त्या दिवशी कळलं.

काळा थर याच मातीच्या पोटात आहे. म्हणजे कोकणात लिग्नाइटची खुली खाण काढायची तर आधी पाणी धरणारा जांभा उचलावा लागेल आणि मग पाणी अडवणारी माती फोडावी लागेल. पाण्याचं मडकं आणि त्याचा बूड, दोन्ही जाणार. खळगा लहान असो की मोठा, ही मांडणी तीच राहते. उलट खाण जेवढी मोठी, तेवढे जास्त झरे. नेवेलीलाही लिग्नाइटच्या खालचं दाबाखालचं पाणी अखंड उपसत राहावं लागतं, तेव्हा खाण कोरडी राहते. आमच्याकडे त्यावर चार महिन्यांचा पाऊस.

आणखी एक गोष्ट आम्ही डोळ्यांनी पाहिली. विहिरीतून काढलेला काळा ढीग आठवड्याने सुकला, तडकला आणि त्यावर पिवळट-पांढरी खार फुटली. त्यात गंधकाचं लोहखनिज असतं, ते हवा-पाण्याशी येऊन आम्ल तयार करतं. ढिगावर पाणी ओतून खालच्या ओघळात रंग बदलणारा कागद बुडवला, तो लाल झाला. एक शेजारी "काळी माती म्हणजे खत" म्हणून दोन टेम्पो कलमांना घालायला निघाले होते. त्यांना वेळीच थांबवलं. तो ढीग आम्ही पावसाच्या आधी चुना मिसळून, प्लास्टिक अंथरून एका खड्ड्यात पुरला.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात नव्या खाणींवर २०१० साली केंद्राने काही काळ बंदी घातली होती, आणि पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गटाने २०११ च्या अहवालात या दोन्ही जिल्ह्यांचा स्वतंत्र विचार केला. तेव्हा माझ्यासारखे खाणीतले लोक त्या अहवालावर नाराज होते. मीही होतो. कोळशाने माझं घर चाललं, मुलं शिकली, आणि चंद्रपूरला खाण काढणं मला आजही चूक वाटत नाही. पण तिथे शंभर मीटरवर दहा-पंधरा मीटरची सीम असते. इथे आठ इंचांसाठी दोन झरे द्यायचे, हा व्यवहार कुठल्याच वहीत बसत नाही, आणि हे मी खाणवाला म्हणूनच सांगतो.

विहिरीचं काय केलं

थर फोडल्यापासून आबांच्या विहिरीत पाणी ठरत नव्हतं. वरून झरा चांगला होता, रात्रभर वाहत होता, पण सकाळी पातळी तेवढीच. आणि पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास, वर तेलासारखी लोखंडाची साय. लाकडाच्या शिरांचा तो थर पाणी आडवं वाहून नेत होता. टोळीवाला म्हणाला, आणखी दहा फूट जाऊ, पाषाण लागला की पाणी थांबेल. मी आबांना उलटं सांगितलं: मागे या.

आबांना ते पटायला दोन दिवस लागले. पाच फूट खोदाईची मजुरी पाण्यात जाणार होती. ते विहिरीच्या काठी बसून राहिले, मग म्हणाले, "तू कोलशातला माणूस, तूच सांगतोस बुजवा, तर बुजवू."

विहिरीतूनच निघालेली निळी माती निवडून घेतली, काळं दिसेल ते ढेकूळ बाजूला टाकलं. माती ओली करून पायाने मळली, घमेल्याने खाली सोडली आणि धुम्मसाने वीतभर थराने ठोकत ४६ फुटांपर्यंत आणली. त्यावर खडी, खडीवर जांभ्याचे तुकडे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात काम संपलं. वास आठ दिवसांत गेला.

ग्रामपंचायतीच्या दप्तरात या सगळ्याची चार पानांची नोंद आहे: तेरा ठिकाणांचा तक्ता, पातळ्या, प्रयोगशाळेचा कागद, फळ्यावरचा हिशेब. साठेकराराची बोलणी केलेल्या तीन घरांपैकी कुणी सही केली नाही. शाळेत एका बरणीत ढेकूळ ठेवलं आहे, पाण्यात बुडवून, कारण सुकलं की त्याचा भुगा होतो. पाणी कोण बदलणार याची पाळी मुलांनी लावून घेतली आहे.

यंदा २० मेला आबांनी दोर सोडून मोजलं. जुनी विहीर कोरडी. नवीत साडेचार फूट. त्यांनी आकडा कठड्यावर खडूने लिहिला आणि खाली तारीख घातली.